लाकूड वाळेपर्यंत

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (यातलं 'साष्टांग' या खेपेला अक्षरशः घ्यावं. गेल्या महिन्यात नव्या घराची फरशी सपाट बसली आहे की नाही हे बघायला मी तिच्यावर पालथा पडून गोटी सोडत होतो, तेव्हा आपलीच आठवण झाली. कोणत्या शब्दांत झाली, ते इथं लिहीत नाही.) आपली प्रकृती उत्तम असेलच. आपलं घरही उत्तम असणार, कारण चाळीस वर्षांत त्याला केसाएवढा तडा गेलेला नाही, हे आपण प्रत्येक भेटीत सांगत आला आहात. मामींची कंबर कशी आहे? (घराला तडा गेला नाही याचं निम्मं श्रेय ते चाळीस वर्षं पुसणाऱ्या त्या कंबरेला द्यावं, असं माझं नम्र मत आहे.) इकडची खुशाली म्हणाल तर खुशालीत फक्त लाकूड आहे. बाकीची माणसं कशी आहेत ते पुढे येईलच.

मामा, या सगळ्याचं मूळ आपण आहात. दीड वर्षापूर्वी प्लॉटवर चुन्याच्या रेघा मारल्या त्या दिवशी आपण आला होतात. काठीनं जमीन दोनदा टोचलीत आणि म्हणालात, "भाच्या, घर माणूस एकदाच बांधतो. जे दिसतं तेच ते असलं पाहिजे. लाकूड दिसलं तर लाकूड, दगड दिसला तर दगड." एवढं बोलून आपण चहा घेतलात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलात. वाक्य मात्र इथंच मुक्कामाला राहिलं. ते अजून गेलेलं नाही.

घर कशासाठी चाललंय ते आपल्याला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो (मधेमधे मीच विसरतो, असं घरात बोललं जातं). आम्ही भाड्यानं राहतो तो तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि आईचे, म्हणजे आपल्या थोरल्या बहिणीचे, दोन्ही गुडघे गेलेले. ती खाली उतरून आठ महिने झाले. शेवटची उतरली ती डोळे तपासायला, खुर्चीत बसून. खुर्ची शेजारच्या दोघांनी उचलली होती आणि प्रत्येक मजल्यावर दारात उभ्या राहिलेल्या लोकांना आई निवडून आल्यासारखी हात जोडत होती. तेव्हापासून ती गॅलरीत बसून असते. गल्लीतली माणसं तिला आता वरून ओळखू येतात, भांगांवरून आणि टकलांवरून. चेहरे विसरत चाललेय म्हणते. नवं घर बैठं आहे. दारातून निघालं की अंगण, अंगणातून निघालं की रस्ता, मधे एकही पायरी नाही. भिंती आणि छत केव्हाच झालेत. राहिलंय ते गिलावा, दारं आणि कपाटं, एवढंच. हे 'एवढंच' आता वर्षाचं होईल.

कारण आपलं वाक्य घेऊन मी दुकानात गेलो. मामा, आपण घर बांधलंत तेव्हा दुकानात लाकूड मिळत असे. आता 'लाकडासारखं' मिळतं. फरशी लाकडासारखी, प्लॅस्टिक दगडासारखं, दगड कापडासारखा आणि कागद विटेसारखा. (विटेसारखा कागद भिंतीला चिकटवतात, म्हणजे आतली खरी वीट झाकली जाते.) मी दुकानदाराला म्हटलं, मला लाकूड हवंय. त्यानं एक फळी काढून प्रेमानं तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, हे बघा. लाकूडसुद्धा इतकं लाकडासारखं दिसत नाही." टिकेल किती विचारलं, तर म्हणाला पंचवीस वर्षांची गॅरंटी. दुकान कधीपासून आहे विचारलं, तर पोलीस चौकशीला आल्यासारखं माझ्याकडे बघत म्हणाला, "गेल्या महिन्यात उघडलं की. तुम्ही सकाळी-सकाळी भांडायला आलात का?" मी भांडायला नव्हतो गेलो. मी फक्त फळीवर बोटांनी टकटक केली. तेव्हापासून मला ती सवय लागली आहे. परवा डॉक्टरांकडे बोलत बसलो असताना त्यांच्या टेबलावर टकटक केली आणि आत पोकळ आहे हे कळल्यावर त्यांच्या औषधावरचाच माझा विश्वास उडाला.

मग ठरवलं की कुणाच्या शब्दावर काही घ्यायचं नाही, प्रत्येक वस्तूचा तुकडा घरी आणून वर्षभर तपासायचा. आजमितीला त्रेचाळीस तुकडे आहेत. काही गॅलरीत उन्हात, काही न्हाणीघरात बादलीत बुडवलेले. एका दगडावर रोज लिंबू पिळतो, एकावर चहा सांडून ठेवतो. कपाटांच्या प्लायवुडबद्दल सुतारानं सांगितलं की खरं प्लायवुड उकळत्या पाण्यातही सुटत नाही. सांगायचं म्हणून तो सांगून गेला. मी त्याच दिवशी पाच कंपन्यांचे पाच तुकडे घरच्या कुकरमध्ये घातले. आठ तास उकळले. मधे सिलिंडर बदलला. दुपारी मी सौ.ला सहज विचारलं, आज जेवायला काय आहे? तिनं झाकण उचलून आत बघितलं आणि म्हणाली, "कपाट आहे. अजून शिजायचंय." पाचांपैकी तिघांचे थर वहीच्या पानांसारखे सुटे झाले, चौथा विरघळला, पाचवा मात्र जसाच्या तसा निघाला. पण त्यावरचा शिक्का पाण्यात गेला होता, त्यामुळे तो कोणत्या कंपनीचा हे कळायला मार्ग उरला नाही. उकळण्याआधी पेन्सिलनं खूण करायची असते म्हणे. हे मला सुतारानं नंतर सांगितलं, पोट धरून हसून झाल्यावर. कुकरला अजून डिंकाचा वास येतो. सौ.नं नवा आणलाय आणि तो तिच्या साड्यांच्या कपाटात कुलुपात असतो.

गिलाव्याचं असंच. सिमेंटचा नको, चुन्याचा हवा, म्हणून दोन महिने शोधून एक म्हातारे गवंडी गाठले. माणूस अस्सल, याबद्दल वाद नाही. खड्ड्यात चुना भिजत घालायचा, कित्येक दिवसांनी काढायचा, जिभेच्या टोकाला लावून बघायचा आणि 'अजून नाही' म्हणून घरी जायचं, ही त्यांची पद्धत. एक हात दिला की पंधरा दिवस त्या भिंतीकडे नुसतं बघत बसायचं. "मालक, भिंतीला श्वास घेऊ द्या," एवढंच ते बोलत. मला ते इतकं पटलं की मी घरी जेवताना सगळ्यांना ऐकवलं. आई म्हणाली, "भिंतीच्या श्वासाला एक माणूस ठेवलाय तू. मी स्वयंपाकघरातून गॅलरीत गेले तरी धापा टाकते, माझ्याकडे बघायला कुणी आहे का?" मी भात मागितला.

आणि आता लाकूड. मामा, खरं सागवान मिळालं! टकटक केली तर भरीव, वास खरा, रेषा खऱ्या, वजन असं की टेम्पोतून उतरवताना हमालानं माझ्या मागच्या पिढ्यांचीही चौकशी केली. मी सुताराला मोठ्या ऐटीत दाखवलं. त्यानं नख रुतवलं, फळी हुंगली आणि म्हणाला, "साहेब, माल झकास. पण ओला आहे. आत्ता दारं केली तर पावसाळ्यात फुगतील, उन्हाळ्यात वाकतील." किती दिवस थांबायचं? तर जाडीच्या एका इंचाला एक वर्ष. फळ्या दोन इंची. वर तोच म्हणाला, तोवर तयार दारं लावा तात्पुरती, नंतर बदलू. मी त्याला तात्पुरतं हा शब्द माझ्या आवारात पुन्हा उच्चारायचा नाही असं बजावलं. (आपण असतात तर हेच केलं असतंत. नाही म्हणू नका.) ओल्या लाकडाला सावली लागते, वारा लागतो, ते जमिनीपासून उचलून, मधे पट्ट्या घालून रचावं लागतं. असं सगळं असलेली खोली घरात एकच, पूर्वेकडची, आईसाठी काढलेली. तिथं मी लाकूड ठेवलं. सकाळी खिडक्या उघडायच्या, दुपारी ऊन आलं की लावायच्या, संध्याकाळी एक तुकडा वजन करून बघायचा, या कामासाठी मी रोज दोन फेऱ्या मारतो. ऑफिसात मला वाटतं लोकांना संशय आहे की माझं दुसरं घर आहे. आहेच.

आईपासून हे लपवलं होतं, पण सुतार आला होता आणि तो पोटात काही ठेवत नाही. आईनं मला गॅलरीत बोलावलं.

"माझ्या खोलीत कोण राहतं?"

मी म्हटलं, लाकूड आहे, वाळतंय.

"किती दिवस?"

दोन वर्षं, मी म्हटलं.

तिनं खालच्या रस्त्याकडे बघितलं. एक टक्कल जात होतं, त्याला हात केला. त्यानं अर्थातच वर बघितलं नाही. मग म्हणाली, "मी वाळलेलीच आहे रे. मला आधी ने."

मी तिला शंभर वर्षांचं गणित समजावलं. घर शंभर वर्षं उभं राहायचं तर त्यात दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. ती म्हणाली गणित बरोबर आहे, फक्त त्यातली कुठली दोन वर्षं जाणार ते बघ. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि सौ. बोलली.

तर एकंदर असं चाललंय. आपल्याला विचारायचं ते एवढंच की बिजागऱ्या पितळेच्या ओतीव घ्याव्यात की लोखंडी, उलट टपाली कळवावं. ओतीव करणारा एक कारागीर तीन दिवसांच्या अंतरावर सापडला आहे. मामींना नमस्कार.

आपला,
(घर एकदाच बांधणारा) भाचा

ता. क. आई तिसऱ्या मजल्यावर आहे असं वर लिहिलंय, ते गेल्या शुक्रवारपर्यंत खरं होतं. त्या कारागिराकडे मी जाऊनही आलो. तेवढ्यात आईनं सुताराला फोन करून विचारलं, "तुझ्याकडे आज तयार काय आहे?" त्याच्याकडे चार दारं होती. लाकडासारखी. म्हाताऱ्या गवंड्यांनी पूर्वेच्या खोलीला एका दिवसात सिमेंट मारून दिलं. मी जाब विचारला तर म्हणाले, आजींपुढे मी काय बोलू, त्यांनी माझं वय विचारलं. सागवान अंगणात ताडपत्रीखाली आहे. शुक्रवारी आईला खुर्चीतून उतरवलं, तेव्हा सौ. बॅगा घेऊन पुढे होती. मी शनिवारी पोचलो तर तिसऱ्या मजल्यावर कुलूप, आणि किल्ली शेजाऱ्यांकडे. चिठ्ठीत सौ.नं लिहिलं होतं, 'बादलीतले तुकडे तुम्ही काढा.'

ता. क. २ खरं काम हे. मला नव्या घरात प्रवेश मिळाला आहे, तुकड्यांना नाही. टाकायला जीव होत नाही, वर्ष व्हायला तीनच महिने राहिलेत. म्हणून पेटी आपल्या नावे पार्सल केली आहे, रागावू नये. सतरा नंबर उन्हात, तेवीस पाण्यात, एकतिसाव्यावर रोज अर्धं लिंबू. उकळायचं काहीही नाही, हे मामींना आधी सांगावं.

ता. क. ३ माझंच खरं ठरलं, हे आपल्याला कळायला हवं. ओल्या गिलाव्यानं आईच्या खोलीचं दार पाच दिवसांत फुगलं, उघडताना खाली घासतं, गाडी थांबल्यासारखा आवाज होतो. मी आनंदानं रंधा घेऊन गेलो. आई म्हणाली, "राहू दे तसंच. कोणी आलं की कळतं." ती दारासमोरच बसते. आज सकाळपासून अकरा जण आलेत, आणि प्रत्येकाचा चेहरा तिनं नीट बघून घेतलाय.