कुंकू पुसण्याचा प्रवेश

प्रिय दिपमाला,

पिंप्राळ्याहून तुझ्या आबांचा आशीर्वाद. हे फोनवर जमलं नसतं. तुझा आवाज ऐकला की मी हवापाण्यावर घसरतो.

परवा इजिप्तहून निरोप आला, फहमी साहेब गेले. ठिबकच्या नळ्या जोडायला मी दोन वर्षं तिकडे होतो ना, तेव्हा त्यांच्याच केळीच्या मळ्यात राहायचो. दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून छान जमायचं. साहेबही आपल्यासारखंच कपाशी लावणाऱ्याचं पोर. कैरोला पळून गेले, स्टुडिओत दिवे उचलले आणि तिशीत सिनेमाचे हिरो झाले. त्यांच्या सगळ्या गोष्टी तुला सांगितल्या, एक मात्र राखून ठेवली.

एका सिनेमात ते मरतात. तो त्यांच्या गावात लागला, आई हौसेनं बघायला गेली आणि पडद्यावर लेकाचा जनाजा बघून तिनं अंथरूण धरलं. त्यानंतर साहेबांनी मरणाची भूमिका घेतलीच नाही. तरुणपणी निभावलं, पण सिनेमातल्या म्हाताऱ्या बापाला बहुतेक वेळा मरावंच लागतं. ते नाही म्हणत गेले, बोलावणी थांबली, आणि साहेब मळ्यात येऊन बसले. मी विचारलं, आईनं मनाई केली होती का? म्हणाले, "नाही. पण 'कर' असंही ती कधी म्हणाली नाही. मी वाट बघत राहिलो." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कारण धुळ्याचं ते नाटक. तुझ्या लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. नाटकात तुझा नवरा गेला, तू कुंकवाला हात लावलास, तसा मी भरल्या थिएटरात उठून ओरडलो, पडदा पाडा. तुझी आई शर्ट ओढत होती, "नाटक शे ते, बठा ना." पडदा पडला. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस, पण नऊ वर्षांत पुन्हा स्टेजवर चढलीही नाहीस. मी चुकलो, बेटा. तू गप्प होतीस, तेच मला सोयीचं वाटत आलं.

काल जावईबापूंचा, हितेंद्ररावांचा फोन आला. धुळ्याची मंडळी तेच नाटक पुन्हा बसवताहेत, तुलाच विचारलं, आणि तू "आबांना चालायचं नाही" म्हणून नकार कळवलास. मला न विचारता. म्हणून हे पत्र. दिपू, कर. प्रयोगाची तारीख कळव. मी पहिल्या रांगेत बसणार आणि शेजारी जावईबापूंना बसवणार. तू खुशाल कुंकू पूस, मी त्यांच्याकडे बघत बसून राहीन.

तुझेच,
आबा