गुडघ्यांचं तेल

बुधवार, दिवेलागणीला

लाज वाटतेय. सासूबाईंनी गुडघ्यांसाठी आवेल काढलं होतं. नारळ खवून, दूध काढून, ते आटवून जेमतेम एक बाटली तेल निघालं. आणि मी पंधरा दिवस त्यातलंच घेऊन आरशासमोर हनुवटी चोळतेय, खालून वर, कानापर्यंत. शाळेच्या ग्रुपवरच्या फोटोत जबड्याखाली लोंबणारी कातडी दिसली, तेव्हापासून. फरक? काही नाही. बाटली मात्र अर्ध्यावर आली. मग काय सुचलं मला, बाजारचं खोबरेल ओतून ती भरून ठेवली. सरळ मागितलं का नाही? पन्नाशीत असले चोचले, हसतील म्हणून?

आज त्यांनी झाकण उघडून वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. माझी हनुवटी तेलाने चकाकत होती.

"ह्या तेल बाजारचा हाय," म्हणाल्या. रागावल्या नाहीत. "सांगायचंस गो. दोन नारळ जास्ती खवले असते."

खवणीवर बसायला त्यांना भिंत धरावी लागते.

आत्ता स्वयंपाकघरातून खवणीचा आवाज येतोय. आणि मी इथं दार लोटून लिहीत बसलेय.