शेवटच्या ओळीतलं नाव

फुलचूर, गोंदिया
१२ मार्च २००३

प्रिय लोकेश,

अल्काताईचा जय भीम. इकडे सगळं बरं आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. तू आणि चंदा, नवराबायको दोघंही मजेत असाल.

चार वर्षांतलं पहिलं पत्र, आणि तेही तुझ्या शहराची तक्रार घेऊन. गेल्या महिन्यात शेजारच्या शामकलाच्या महिला मंडळाबरोबर छोट्या लाइनीच्या गाडीने जबलपूरला येऊन गेले. कळवलं नाही, रागावू नकोस. भेडाघाटला नावेत बसले. नावाडी एकेका खडकाची गोष्ट यमक जुळवून सांगत होता. अर्ध्या थापा असणार, पण हसून हसून पोट दुखलं. धुवांधार धबधब्यापाशी पदर चिंब झाला. खव्याची जिलेबी काळी दिसते म्हणून आधी नाक मुरडलं, मग दोन खाल्ल्या. पोह्यांवर मात्र आपली झणझणीत रश्शाची तर्री नाही, नुसती शेव! तू कसं खातोस रे ते?

संध्याकाळी ग्वारीघाटावर मेळा होता. पाण्यात दिवे, काठावर मांडव. मांडवात कोणीतरी मराठी गाणं सुरू केलं आणि मी झटकन फुगेवाल्याच्या मागे सरकले. बाबांचं वैनगंगेचं गाणं होतं. माईकवर तू होतास. कानाजवळचे केस पांढरे झालेत की तुझे.

शेवटचं कडवं आलं तेव्हा मी फुग्यांच्या आडून डोकं बाहेर काढलं. गाणं ज्याने रचलं त्याचं नाव शेवटच्या ओळीत येतं, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक. तू कोणाचं नाव घेतोस ते मला ऐकायचं होतं आणि ऐकायचं नव्हतंही. तू स्वच्छ म्हणालास, 'भैयालाल सांगे.' बाबांचंच नाव घेतलंस, तेही जिथे विचारणारं कोणी नव्हतं तिथे. मी तशीच धर्मशाळेवर निघून आले. शामकलाला म्हटलं, डोळ्यांत धूर गेला.

आता मुद्द्याचं. सतरा एप्रिलला नागपूरला बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. चौदाला जयंतीच्या कार्यक्रमात ते शेवटचं गाणार आहेत, पण दोन ओळी झाल्या की खोकल्याची उबळ येते. पुढची ओळ उचलायला शेजारी माणूस पाहिजे. मुन्नालाल पेटीवाल्याने आपणहून विचारलं, तर बाबा म्हणाले, "तू पेटीच वाजव." दुसऱ्या कोणाचं नाव घेत नाहीत. तुझंही नाही.

तू यावंस म्हणून लिहायला बसले, पण 'ये' म्हणायला तोंड नाही मला.

तुझी कॅसेट निघाली तेव्हा बाबांच्या वहीतली गाणी मी उतरवून दिली होती, माझं अक्षर चांगलं म्हणून. शेवटच्या ओळीत 'भैयालाल'च्या जागी 'लोकेश' मी लिहिलं. बाबांचं नाव गावोगाव झालंच आहे, आता माझ्या भावाचं व्हावं, एवढंच डोक्यात होतं. कोणाला विचारलं नाही. मोठी शहाणी मी! मुन्नालालने मागाहून सांगितलं, स्टुडिओत तो कागद वाचून तुझे डोळे भरून आले. तुला वाटलं, बाबांनी आपलं गाणं तुला दिलं.

मग ती कॅसेट घरात वाजली. "माह्या गाण्यातून माहं नाव काऊन काढलास बे? मी मेलो का?" बाबा ओरडले, तेव्हा तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी भाताचं भांडं उतरवायच्या निमित्ताने चुलीकडे तोंड फिरवलं. तू 'चुकलो' म्हणालास आणि पिशवी उचलून जबलपूर गाठलंस. मी नवऱ्याचं घर सोडून आलेली, बाबांनीही हाकललं तर जाऊ कुठे, या भीतीने गप्प राहिले. शिक्षा तू भोगलीस. लाज वाटते रे लोकेश, फार लाज वाटते.

इथवर लिहून पत्र तीन दिवस तांदळाच्या कोठीवर ठेवलं होतं. तू आलास आणि बाबा पुन्हा तुझ्यावरच ओरडले तर? म्हणून काल सकाळी त्यांना सगळं सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "तो काऊन नाई बोलला?"

कालपासून माझ्या हातचं जेवत नाहीत. शामकलाकडून डबा येतो. त्यांच्या आवडीचे लाखोळीच्या डाळीचे वडे केले होते, ते तसेच पडून आहेत.

आज माझ्यापुढे पेन टाकला. "त्याले लिव. चौदाले पाहिजेस म्हणाव. आन् ज्यानं केलं त्याचं नाव शेवटी टाक. साफ अक्षरात."

तू तेराच्या गाडीने ये. बाबा स्वतः स्टेशनवर येणार म्हणतात. मी तिथे असावं की नसावं, ते तू कळव. नको म्हणालास तर येणार नाही.

गाणं बाबांचं होतं आणि आवाज तुझा. त्यातलं नाव बदललं ते मी,

अल्का भैयालाल मेश्राम