उडत्या खारींची रातपाळी

प्रिय आई,

रागात लिहितेय. घरातला फोन आबांच्या खिशात असतो, म्हणून हा कागद. रविदादानं कळवलं की माझी सुपारी फुटली! मुलगा दौंडचा, सत्यजीत, रेल्वेत कामाला. मला एका शब्दानं विचारलं नाही. आन् वर तू पाहुण्यांना सांगितलंस, पोरगी जंगल खात्याच्या हापिसात बसते, दिवसाची ड्युटी आहे. आई, किती खोटं बोलावं माणसानं! मी इथं राधानगरीच्या रानात उडत्या खारींचा अभ्यास करते, हे तुला पक्कं ठाऊक आहे. आता ती खार दिवसभर ढोलीत झोपते, त्याला मी काय करू? तिला उठवून सांगू, बाई गं, आपल्या न्हावरे गावची माणसं नावं ठेवतात, जरा उन्हात उड?

अंधार पडला की ती ढोलीतून तोंड काढते, बराच वेळ कानोसा घेते, मग सरसर शेंड्यावर जाते आणि चारी पाय ताणून स्वतःला झोकून देते. पायांमधली कातडी गोधडीसारखी पसरते, आणि ती पार पलीकडच्या बुंध्याला जाऊन चिकटते. पंख नाहीत गं तिला, नुसती तरंगत जाते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडूच आलं होतं. तुला सांगितलं, तर तू विचारलंस, जेवलीस का. माझ्यासोबत वनमजूर गिताबाई असतात, त्यांचे यजमान असतात. पण गावाला एवढंच दिसतं, की साहेबरावांची पोर रात्रीची बाहेर असते.

मग तू काय करतेस गं? शेतीची लाईट रात्रीची आली की उसाला पाणी कोण धरतं? आबांची कंबर धरलेली, म्हणून बिबट्याचं भ्या उरावर घेऊन बॅटरीच्या उजेडात तूच जातेस ना? तुला कुणी इचारलं कधी, सविता, रातच्याला कुठं होतीस? सत्यजीतलाही नाईट ड्युटी असते म्हणे. त्याचं कौतुक, आणि माझी तेवढी लाज! आबांचं सोड, ते ऐकायचेच न्हाईत. पण तू? तू माझ्या बाजूनं बोलायचं, तर तूच खोटं बोललीस. मला त्याचाच जास्त संताप येतोय.

काल मी सत्यजीतला फोन करून सगळं खरं सांगितलं. काम रात्रीचं आहे आणि लग्नानंतरही सोडणार नाही.  तो बिचारा म्हणाला, घरी विचारतो. घरचे काय म्हणतील ते तुला-मला ठाऊक आहे. आठ-पंधरा दिवसांत निरोप येईल, आणि आबा तुझ्यावरच तुटून पडतील, तूच पोरीला डोक्यावर बसवलीस म्हणून. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं, म्हणून लिहिलं. सरळ हे पत्र त्यांच्यापुढं टाक आणि सांग, पोरीनं मोडलं, मला ठाव नव्हतं. माझ्या वाटणीची एक शिवीसुद्धा तू खायची न्हाईस. आणि घरात बसवेना झालं, तर कुणाला न विचारता एसटीत बस आणि माझ्याकडं ये.

तुझीच, अजून चिडलेली,
सायली