खिळा लागला

सोमवार, ४
आलो एकदाचा! लाकडाच्या वखारीत स्टोअरकीपर. मागे दोन खोल्यांचं क्वार्टर, नळाला दिवसभर पाणी, खिडकीतून फळ्यांच्या थप्प्या दिसतात. मुकादम बोलघेवडे, पहिल्याच दिवशी माझ्या नव्या बुटांची यथेच्छ चेष्टा करून झाली. बायकोला फोन केला. तिचा एकच प्रश्न, तिथे साप आहेत का? तिचा धाकटा भाऊ साप चावून गेला, तेव्हापासून ही दोरीलाही दचकते. मी छातीठोकपणे सांगितलं, इथे गांडूळसुद्धा दिसत नाही. शनिवारी ती आमच्या लेकीला, चिमणीला घेऊन येतेय. आठ महिने वेगळे राहिलो, आता पुरे झालं.

बुधवार, ६
दुपारी थप्पीखालची फळी ओढताना घोट्याच्या वर साप चावला. जाडजूड, तपकिरी, अंगावर ठिपके. मुकादमांनी लांबूनच निकाल दिला, डुरक्या असणार, बिनविषारी. त्यांनाही चावला होता म्हणे, आणि तरी अजून आमच्या डोक्यावर मिरे वाटताहेत. दवाखाना तासाभरावर आहे. गेलोही असतो, पण घरी कळलं की ही इकडे पाऊल टाकायची नाही. कुणाला बोलू नका म्हणून मुकादमांना सांगितलं. पाय भयंकर ठणकतोय. उद्या उतरेल.

गुरुवार, ७
सूज गुडघ्याच्या वर गेली. सकाळी दात घासले, तेव्हापासून हिरड्यांतलं रक्त थांबत नाही. लघवी काळ्या चहासारखी. घाबरलोय मी, खरंच घाबरलोय. हिचा फोन आला. आवाजावरून तिने ओळखलंच. खिळा लागला म्हणालो. चिमणीला आईकडे ठेवून ती आजच निघतेय. समोर बसवून खरं सांगेन, मग जाऊ दवाखान्यात.

शुक्रवार, ८
डाव्या हाताने लिहितोय. सकाळपासून लघवी नाही. पोटरीवर काळे फोड. मुकादम कालच लाकूड आणायला बाहेरगावी गेलेत. ही आली, पाय बघून रडली, गाडी बोलावली. गाडीत सांगायला तोंड उघडलं — जीभ वळेना. उजवा हात उचलेना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? हिने सांगितलं, खिळा.

शनिवार, ९
धनुर्वाताचं इंजेक्शन. फोड कापला — रक्त थांबत नाही — तिसरी चादर. डॉक्टर म्हणतात, खिळ्याने असं होत नाही. पुन्हा विचारतात. ही पुन्हा तेच सांगते, शपथेवर. मी मान हलवतो. तिला वाटतं, दुखतंय. डॉक्टर येतात तेव्हा वही हिच्या पिशवीत.

दुपार
डॉक्टर गेल्यावर वही पुन्हा तिनेच हातात दिली. लिहिलं की मला बरं वाटतं, म्हणाली. तीन पानं मागे सगळं आहे. पान उलटून तिच्यापुढे धरलं — तिने नजर वळवली. माझी वही तिने कधीच वाचली नाही. मीच बजावलं होतं — लग्नानंतर —

आता मोठ्या अक्षरात — खिळा नव्ह — ती वही काढून घेतेय — दमलात, पडा म्हणते — अगं, एकदा — एकदाच वा