डाव्या खांबातली पट्टी

१८ नोव्हेंबर, रविवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील, वहिनी बरी असेल आणि तुझं पोट अजून तुझ्या दोन पावलं पुढे चालत असेल असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक. पत्र म्हटलं की आधी 'पत्रास कारण की' लिहायचं असतं, पण ते मी शेवटी लिहिणार आहे. आधी लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. मी काय आज ओळखते का तुला?

फोन केला नाही, कारण तुझी अट. त्यांचा विषय काढलास तर फोन ठेवीन म्हणतोस, आणि खरंच ठेवतोस. पत्र फेकायचं तरी आधी उघडून बघावं लागतं. तर अट मला मान्य आहे. या पत्रात 'बाबा' हा शब्द येणार नाही. (आत्ता आला, पण हा धरायचा नाही.) अगदीच अडलं तर मी 'घरातले वरिष्ठ' असं लिहीन. ऑफिसात तू असलीच भाषा वापरत असशील, तुला जड जाणार नाही.

आमच्या लॅबमध्ये दात बनवण्याचं काम जोरात आहे. परवा एका डॉक्टरांनी अख्खी कवळी परत पाठवली. म्हणे, पेशंटला हसताना दुसऱ्याचंच तोंड लावल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, मग हसू नका म्हणावं! पण केली पुन्हा. मेणात दात बसवायचे, वरचा-खालचा जबडा मिटवून बघायचं, केसभर घासायचं, परत मिटवायचं. दिवसभर हे करून घरी आलं की माणसाने खरं तर गप झोपावं. मी त्याऐवजी आणखी एक उद्योग मागे लावून घेतलाय.

मी हॉट रॉडवाल्यांच्या एका फोरमवर जाते. हसू नकोस. शेडमधल्या गाडीच्या दाराचं रबर पार कुजलं होतं, ते कुठे मिळेल हे विचारायला गेले आणि तिथेच मुक्काम ठोकला. लॅबमधल्या मावशी विचारत होत्या, हॉट रॉड म्हणजे काय गं? मी सांगितलं, जुनी गाडी घ्यायची, तिचे मडगार्ड काढून टाकायचे, छत कापून खाली आणायचं, आणि पुढे पैलवान इंजिन बसवायचं. मावशी म्हणाल्या, म्हणजे चांगली गाडी बिघडवायची. मी म्हटलं, हो, पण प्रेमाने.

तुला मी काय सांगणार म्हणा. आई गेल्यावर तू आणि घरातले वरिष्ठ त्या गाडीत असे घुसलात की जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. तेव्हा मला त्या गाडीचा राग यायचा. आता वाटतं, ती नसती तर तुम्ही दोघं कुठे बसून रडला असता?

फोरमवर मी 'दातवाली'. तिथे खऱ्या नावाने कुणीच नाही. एक 'बोनेट आजोबा' आहेत, त्यांचा शब्द शेवटचा. एक 'नुसता बघ्या' म्हणून आहे, स्वतःची गाडी नाही, कधी फोटो टाकत नाही, पण बोलला तर नेमकं बोलतो. बाकी सगळे नग आहेत. एका बोल्टवरून दोन दिवस भांडतात, आणि तिसऱ्या दिवशी त्यातलाच एकजण दुसऱ्याला तो बोल्ट पार्सल करतो.

पण शिकायला मिळालं हं. पहिलं हे की फोटो नाही तर काम झालंच नाही, नुसत्या बाता ऐकून घेत नाहीत. दुसरं मला फार आवडलं. एका पोराने घाईघाईने चांगलं बोनेट चुकीच्या जागी कापलं आणि रडवेला होऊन फोटो टाकला. मला वाटलं, आता याची खैर नाही. एकाने सुरुवात केलीच, 'आधी विचारलं असतंस तर.' लगेच बोनेट आजोबांनी त्याला थांबवलं. त्यांनी लिहिलं, 'कापायच्या आधी हवं तेवढं बोला. एकदा कापलं की फक्त जोडण्याबद्दल बोलायचं. हा इथला नियम आहे, नवीन असाल तर वाचून या.' मग त्या पोराला सगळ्यांनी मिळून जोड कसा घालायचा ते शिकवलं. मी ते वाचत बराच वेळ बसून राहिले. आपल्या घराला हा नियम कुणी सांगितला असता तर, असं मनात आलं.

कोपऱ्यावरची भिंत तुला आठवत असेल. ब्रेकचं काम पुरं व्हायच्या आधी तू गाडी बाहेर काढलीस आणि भिंतीवर घातलीस. गाडीचं नाक गेलं, तुझी भुवई फुटली. आणि घरातले वरिष्ठ सगळ्या गल्लीसमोर काय बोलले तेही मला पाठ आहे. 'तुझ्या हाताला वळण नाही. पुन्हा लोखंडाला हात लावू नकोस.' तू लावला नाहीस. घर सोडलंस, खुर्चीतली नोकरी धरलीस, आणि वहिनी सांगते की साधा नळ गळला तरी तू प्लंबरला बोलावतोस. तू! शाळेत असल्यापासून ज्याच्या नखांतलं ग्रीस आईच्याने कधी निघालं नाही.

असो. विषय भरकटला. मी छताचं सांगत होते.

तर एक दिवस मी फोरमवर विचारलं, 'छत चार बोटं वर करायचं आहे, कसं करू?' बाप रे! माझी अशी खिल्ली उडवली की विचारू नकोस. हॉट रॉडवाले आयुष्यभर छत खाली आणतात, आणि ही बाई वर न्यायला निघाली! एकाने विचारलं, 'ताई, वर पाण्याची टाकी बसवणार का?' दुसरा म्हणाला, 'बस घ्या ना त्यापेक्षा.' माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, 'तुमच्या गाड्यांत धड मांजर तरी बसतं का?' मग तर जत्राच भरली.

शेवटी बोनेट आजोबांनी एक ओळ लिहिली. 'ताई, भांडण राहू दे. कारण सांगा. कारण कळल्याशिवाय कुणी कुणाच्या गाडीला हात कसा लावणार?'

कारण लिहायला मला दोन दिवस लागले, दादा. मी काय लिहिलं ते तसंच खाली उतरवते. अट मोडली म्हणायची तर म्हण, पण हे शब्द मी तुला नाही, फोरमवाल्यांना लिहिले होते.

'माझ्या वडिलांना गेल्या पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. आता वॉकर धरून चालतात, बोलणं जड झालंय, पण समजतं सगळं. ही गाडी त्यांनी आणि माझ्या भावाने मिळून बनवली. दर रविवारी ते एकटेच तिला चक्कर मारून आणायचे. आता त्यांना मान आणि कंबर वाकवून आत शिरता येत नाही. रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन छतावर हात ठेवून उभे राहतात. एकदा माझी नजर चुकवून शिरायला गेले, डोकं आपटलं आणि दारातच अडकले. मी बाहेर काढलं तेव्हा लहान मुलासारखे रडत होते. दुसऱ्या गाडीत बसायला तयार नाहीत. म्हणून छत वर हवंय.'

झालं. तुला जे वर्षभर सांगता आलं नाही ते मी दूरच्या, चेहराही न पाहिलेल्या लोकांना सांगून टाकलं. अट तुझी होती, पण ती पाळत बसणारी मूर्ख मीच ना? फोनवर तू 'काय नवीन?' विचारायचास आणि मी हवापाणी सांगत बसायचे. त्याबद्दल मला माफ करू नकोस, पण दोष दोघांनी अर्धा अर्धा वाटून घेऊ या.

त्यानंतर फोरमवर चेष्टा करणारे एकेक करून आले. टाकीवाल्याने आत आडवे पाइप कसे बांधायचे त्याचं चित्र काढून पाठवलं, नाहीतर छत पेलणारे खांब कापले की दारं बसत नाहीत. बसवाल्याने सीट बाहेरच्या बाजूला वळेल अशी युक्ती सांगितली. आपला वेल्डर, ज्याला सगळे 'ठिणगी' म्हणतात, तो वाचून म्हणाला, 'हे तर मलाही माहीत नव्हतं, बुवा.' आणि तुला सांगते, काम दातांसारखंच आहे. थोडं तापवायचं, निवू द्यायचं, दुसरीकडे जायचं. एकाच जागी घाई केली की पत्रा वाकडा होतो.

मग नुसत्या बघ्याने लिहिलं.

'डावा मागचा खांब कापण्याआधी अस्तर काढून आतून चाचपा. दाराच्या वरच्या कोपऱ्याखाली एक पट्टी आहे. वेल्ड केलेली नाही, चार रिव्हेटवर आहे. ती आधी काढा, नाहीतर पातं तुटेल. वडिलांची काळजी घ्या.'

मी शेडमध्ये गेले. अस्तर उसवलं. हात घातला. पट्टी होती, दादा. चार रिव्हेट होते. तिच्यामागे, तुम्ही दोघांनी छत खाली आणलंत तेव्हाच्या कापाची रेघ वाकडी जाऊन परत सरळ आली होती.

मी गाडीचे फोटो टाकले होते, पण बाहेरून. अस्तराच्या आतलं मलाही ठाऊक नव्हतं. तिथे पट्टी 'असेल' असं कुणीही म्हणू शकतं. 'आहे' म्हणणारा जगात एकच, ज्याने ती ठोकली तो. मी तिथेच जमिनीवर बसले आणि हसले, आणि मग हसू काही राहिलं नाही. गाढवा! म्हणजे तू इतकी वर्षं तिथे येऊन बसतोस. गाडी नाही, फोटो नाही, नुसता बघतोस. आणि प्लंबर बोलावतोस.

आता पुढचं ऐक, कारण हे तुला माहीत नाही.

पट्टी मी बाबांना नेऊन दाखवली. (वरिष्ठ वगैरे आता बास. माझ्याने होत नाही.) मला वाटलं त्यांना आश्चर्य वाटेल. त्यांनी ती डाव्या हातात धरून उलटीपालटी केली आणि म्हणाले, "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"त्याचा हात घसरला. लपवलं." एकेक शब्द ओढून आणत होते. "मी बोललो नाही."

"का नाही बोललात?"

तर चक्क हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसले. "लपवलं चांगलं होतं."

मी उठायला लागले तर मनगट धरून बसवलं. म्हणाले, "तेव्हा बोललो नाही. नको तेव्हा बोललो." आणि माझं मनगट सोडेनात. दादा, मी त्यांना आईच्या वेळीसुद्धा असं बघितलं नव्हतं.

बघ्या कोण हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. आता रोज संध्याकाळी शेडऐवजी माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसतात आणि विचारतात, "तो काय म्हणतो?" आणि तू रोज एकच म्हणतोस, 'दातवाली, डावा खांब कापला का?' मी तिथे उत्तर देत नाही. इथे देते. नाही कापला. तीन खांब कापून झालेत, जोडायचे तुकडे घासून तयार आहेत, आत पाइप बांधलेत. पण चौथ्याला ठिणगीने करवत लावली तेव्हा बाबांनी वॉकर आडवा घातला. "तो ज्याचा आहे त्याने," एवढंच म्हणाले. ठिणगी माझ्याकडे बघतोय, मी बाबांकडे. तेव्हापासून छत ना खाली ना वर, टेकूवर उभं आहे.

डॉक्टर म्हणतात तब्येत स्थिर आहे, पण दुसरा झटका सांगून येत नाही. मला भीती वाटते. दिवसा नाही वाटत, कवळ्या घासताना तर अजिबात नाही. घरी येऊन कुलूप उघडताना वाटते.

बाबा जे बोलले ते वाईटच होतं, मी त्याला चांगलं म्हणणार नाही. तू ब्रेकशिवाय गाडी काढलीस तेही शहाणपणाचं नव्हतं. पण दोन्ही कापून झालंय, दादा. नियम तुला माहितीय, तू माझ्या आधीपासून तिथे आहेस.

तर पत्रास कारण की, डावा खांब तुझ्यासाठी ठेवला आहे. आणि छत वर गेलं, बाबा आत बसले, तरी गाडी चालवणार कोण? मला येत नाही आणि ठिणगीच्या हातात ते किल्ली देणार नाहीत. वहिनीलाही घेऊन ये.

फोरमवर उत्तर देऊ नकोस.

तुझी धाकटी,
दातवाली

ता. क. पत्र बंद करत होते तर बाबांनी पेन मागितलं. खालची ओळ त्यांची आहे. डाव्या हाताने लिहिलीय, वेळ खूप लागला. अक्षराला हसू नकोस.

ये. हात लाव.