झिपरीचा कळप

बुधवार, ता. ११
कारखाना, दुपार

प्रिय बाईसाहेब,

तुम्ही आजी-नातू खुशाल असाल. मी ठीक आहे.

फुकट मिळालेल्या कुत्रीचा एका महिन्याचा खर्च आधी सांगतो: बुटांचे दोन जोड, सोफ्याचा एक कोपरा, वरच्या मजल्यावरच्या वकिलाशी असलेला पंधरा वर्षांचा घरोबा आणि माझा डावा गुडघा. केसांनी धुण्याचं मशीन तुंबलं ते वेगळंच.

हे फोनवर सांगितलं नाही, कारण लेक फोन स्पीकरवर टाकते. मग तू 'बरं' म्हणतेस, मीही 'बरं' म्हणतो.

जात मेंढ्या राखणारी. कागदावर नाव भलतंच ऐटदार आहे, पण आपले फिटर तिला झिपरी म्हणतात. सोडून दिलेल्या कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडे शटर बसवायला गेलो तेव्हा ही दिसली. बाई म्हणाल्या, "हिला सांभाळणं सगळ्यांना जमत नाही." मला असं कुणी म्हणालं की काय होतं, तुला ठाऊक आहे. म्हटलं, "बाई, दुसऱ्याची शिडी धरण्यापासून सुरुवात केली, आज बावीस माणसं हाताखाली आहेत. एक कुत्री जड आहे का? आणि तीस वर्षांत एकदा लिहून दिलेला आकडा मी कधी खोडलेला नाही."

तिथल्या तिथे फॉर्म भरला.

पहाटे पाचला ही माझं पांघरूण ओढते. तासभर पळवते. मी धापा टाकत चहा ठेवतो, तेवढ्यात ही पट्टा तोंडात धरून पुन्हा हजर. अगदी जीव नकोसा होतो. शेवटी कारखान्यात आणली, तर जेवणाच्या सुट्टीत तिनं पाच फिटर टाचांना ढुसण्या देत एका कोपऱ्यात आणले. वेल्डर लांब बिडी ओढत बसला होता, त्यालाही जाऊन घेऊन आली.

"मालक, तुमच्यापेक्षा हिचा वचक जास्त आहे," म्हातारा फिटर म्हणाला. सगळे हसले. ती मात्र त्यांच्यासमोर पाय पसरून गाढ झोपली. महिन्यात पहिल्यांदा.

घरी झोपत नाही. मला टीव्हीपुढून उठवून स्वयंपाकघरात नेते, तिथून झोपायच्या खोलीत. मला बसवून बाहेर जाते, एकेका दारात उभी राहते, परत येऊन माझ्या तोंडाकडे बघते. मग पुन्हा तेच. परवा वैतागून ओरडलो, "अगं, घरात एवढेच आहोत आपण." ती दारातून हलली नाही.

काल बाई घर बघायला आल्या. महिन्यानं येतात, तो त्यांचा नियम आहे. हातात माझाच फॉर्म.

"घरात माणसं दोन, पत्नी दिवसभर घरी असते, असं लिहिलंय. कुठे आहेत त्या?"

"मुलीकडे. बाळंतपणाला."

"बाळ केवढं झालं?"

महिन्याचं म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं, "रांगतो."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कुत्री वाईट नाही, तुम्हीही नाही. पण हिला कळप लागतो. एकाच माणसाला ती किती वेळा गोळा करणार?" रविवारपर्यंत ठरवायचंय. नाहीतर त्या तिला घेऊन जाणार. शेतावर राहणारं एक कुटुंब तयार आहे, सात माणसांचं.

मला राग आला. बाईंचा, कुत्रीचा, आणि लेकीकडे जाताना तू दारात म्हणालीस त्याचा. "तुम्ही घरी फक्त झोपायला येता." मी गाडी काढत होतो, ऐकू न आल्यासारखं केलं. शटरच्या आवाजावरून कुठली पट्टी वाकलीय ते सांगणारा माणूस मी. शब्द न् शब्द ऐकू आला होता.

तू ये, असं मी म्हणत नाही. नातवाचं तुझ्यावाचून पान हलत नाही, हे लेक सांगते. पण कुत्रीपायी का होईना, महिनाभर मी रोज सहाच्या आत घरात असतो. वकिलाला विचार, सहापासून आमचा दंगा सुरू होतो हीच तर त्याची तक्रार आहे. रविवारच्या आत एवढंच कळव: ठेवू, की देऊ? आणि स्पीकर बंद करून सांग.

तुझाच,
शटरवाला

ता. क. बाई निघताना त्यांच्याकडून फॉर्म मागून घेतला. 'घरात माणसं' यापुढचा दोनाचा आकडा खोडला, एक लिहिला आणि शेजारी सही केली.